पाहुण्यासमोरचं कुलूप

मांगलखेडच्या बापूजींच्या पोरीच्या लग्नाच्या दोन गाद्या शिवून पंधरा दिवस झाले होते, तरी त्या न्यायला कोणी आलं नव्हतं. नेरला निजामुद्दीनच्या घरी, पुढच्या खोलीत, त्या भिंतीला टेकवून उभ्या होत्या. शेजारीच टेबलावर त्याच्या लेकीचा, अतियाचा, कम्प्युटर होता. घरच दोन खोल्यांचं, तेव्हा गाद्या आणि कम्प्युटर यांना एकत्र नांदण्यावाचून इलाज नव्हता. पण गेले पंधरा दिवस अतिया कामाला बसली की डाव्या हाताला त्या गाद्या दिसायच्या आणि तिची बोटं थांबायची.

निजामुद्दीन जातीचा पिंजारी. कापूस पिंजायचं आता मशीन आलं होतं, पण गादी भरणं आणि टाके घालणं हे काम अजून त्याच्याच हाताचं होतं. आसपासच्या गावांतले शेतकरी लेकीच्या लग्नाला गादी करायची तर घरचाच कापूस घेऊन त्याच्याकडे येत. बापूजींनी दिवाळीनंतर पहिल्या वेचणीचा कापूस निवडून आणला होता. बाजारात त्या वर्षी कापसाला कुत्रं विचारत नव्हतं, पण लेकीच्या गादीचा कापूस मात्र त्यांनी एकेक बोंड पाहून घेतला होता. निजामुद्दीन ते सगळ्यांना कौतुकानं सांगायचा. अतिया ऐकायची आणि मान खाली घालायची.

कारण ते लग्न मोडलं होतं, आणि कोणामुळे मोडलं हे अख्ख्या नेर तालुक्यात एकट्या अतियाला माहीत होतं.

आता हे समजायला जरा मागं जावं लागेल. दोन हजार सहाचं साल. कापसाच्या त्या वाईट वर्षांत आमच्या जिल्ह्यात फॉर्म भरून घेणाऱ्यांची इतकी गर्दी झाली होती की गावातली कुत्री त्यांच्यावर भुंकायचीसुद्धा कंटाळली. त्यातच पूनमसिंगची एक लहानशी संस्था होती. तिला एवढंच हवं होतं, की कोणत्या घरात कोणाचं मन बिघडलंय आणि कुठे डॉक्टर न्यायला हवा. संस्थेच्या बाया घरोघरी जायच्या, चुलीपाशी बसायच्या, आणि बायकांनी जे सांगितलं ते लिहून आणायच्या. ते सगळं कम्प्युटरात भरायचं काम अतियाकडे आलं. पोरगी तेवीस वर्षांची, टायपिंगचा हात चांगला, आणि अमरावतीहून आणलेला जुना कम्प्युटर घरचा. तिला आणखी काय पाहिजे होतं!

पूनमसिंग माणूस शिस्तीचा. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "पासवर्ड काय ठेवला?"

अतियानं सांगितलं, "सातशे शहाऐंशी."

"वा! नेरातल्या अर्ध्या कम्प्युटरले हेच कुलूप हाये," पूनमसिंग म्हणाला. "बदल. तुह्याशिवाय दुनियेत कोणाले सुचणार नाही असं काही ठेव."

मग अतियानं आजीच्या बकरीचं नाव आणि ती विकली ते साल, असा पासवर्ड ठेवला. पूनमसिंग खूष झाला. मग त्यानं तिला दोन बटणं दाखवली. खिडकीचं चिन्ह असलेलं एक, आणि दुसरं एल. दोन्ही एकदम दाबली की पडदा बंद, पासवर्ड दिल्याशिवाय उघडायचा नाही.

"खुर्चीवरून उठली की हे दाबायचं," तो म्हणाला. "पाणी प्याले उठली तरी. तुहे अब्बा खोलीत असले तरी. यात लोकाईच्या घरचं बोलणं हाये, अतिया. ते त्यायनं नवऱ्यालेही सांगतलं नाही."

दोन महिने अतियानं ते अगदी नमाजासारखं पाळलं. मग एक दिवस गझाला फुप्पी दारव्ह्याहून आली. निजामुद्दीनची ही थोरली बहीण, आणि रुसण्यात तिचा हात धरणारं घराण्यात कोणी नाही. ती खाटेवर टेकली, अतिया चहा मांडायला उठली आणि सवयीनं दोन बटणं दाबली. फुप्पीनं काळा पडलेला पडदा पाहिला.

"काय केलं गं?"

"बंद केलं, फुप्पी. कुलूप लावलं."

"मी बसली म्हणून?"

झालं! फुप्पीनं बुरखा सावरला. "भावाच्या घरी मले पाहून कुलपं लागून राह्यली," म्हणाली, आणि चहा तसाच ठेवून निघून गेली. त्या कपावर साय धरेपर्यंत अतियाची अम्मी जोहराबी त्याच्याकडे बघत बसली होती. मग तिनं लेकीला असं झापलं की बस. "आपल्या घरी पाह्यना बसला असताना पेटीलेसुद्धा कुलूप लावत नाही आपण. किल्ली वाजली तरी माणसाले लागते. तू तर तोंडावर लावलं!"

जोहराबीचं चूक नव्हतं. आमच्याकडे हीच रीत आहे, हिंदूंकडे तीच आणि मुसलमानांकडेही तीच. पाहुण्यासमोर कुलूप लावणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. घरात कोणी बसलं असेल तर बाई कपाटाला किल्ली तशीच लटकती ठेवून आत जाते, आणि मनात धाकधूक असली तरी मागं वळून बघत नाही. अतियाही याच घरात वाढलेली. तेव्हापासून तिनं आपल्यापुरता नियम केला, की घरची माणसं असली तर कुलूप लावायचं आणि पाहुणा असला तर नाही. चोरी पाहुणाच करू शकतो, घरचा कशाला करेल, हे त्या नियमाला कसं सुचणार!

डिसेंबरात उकंडराव आले. बापूजींची लेक सुरभी ज्या मुलाला द्यायची ठरली होती त्याचे हे काका, ढाणकीकडचे. नवरदेवाच्या पलंगाचं माप घेऊन आले होते, म्हणजे गादी बरोबर बसावी. निजामुद्दीन दुकानात होता. जोहराबी शेजारी मयतीला गेली होती. अतियानं त्यांना खाटेवर बसवलं. कम्प्युटरवर नेमकी पाहणीची फाइल उघडी होती. पडद्याच्या खालच्या कडेला एकेका गावाच्या नावाची पट्टी, पट्टीवर माउसनं टिचकी मारली की त्या गावाची घरं उघडतात. दिवे नुकतेच आले होते, पुन्हा जायच्या आत तिला पन्नास नावं भरायची होती.

"चहा ठेवते, काका."

"राहू दे नं, पोरी," उकंडराव म्हणाले. पाहुणा म्हणतोच असं.

ती उठली. तिचा हात त्या दोन बटणांपर्यंत गेला. अगदी गेला, हे तिला नंतर कितीदा आठवलं! तिनं उकंडरावांकडे बघितलं. धोतर स्वच्छ, डोक्यावर टोपी, लग्नघरचं माणूस. अतियानं हात मागं घेतला आणि चुलीकडे गेली.

चहा घेऊन आली तेव्हा ते खुर्चीवर बसले होते.

"आमच्या गावच्या सोसायटीतही आला हा," ते म्हणाले. "मलेही फिरवता येते थोडा थोडा."

उठताना ती पळसगावची घरं भरत होती. पडद्यावर मांगलखेड होतं. अतियानं ते पाहिलं. तरीही ती म्हणाली, "चहा घ्या, काका." त्यांनी चहा घेतला, मापाचा कागद दिला आणि गेले. मग तिनं फाइल बंद केली. त्यांना कुठे वाचता आलं असेल, म्हणून मनाला समजावलं, आणि संध्याकाळपर्यंत समजावत राहिली.

आठ दिवसांनी निजामुद्दीन जेवायला बसला आणि भाकरी मोडतामोडता म्हणाला, "मांगलखेडचं लगन मोडलं."

जोहराबीनं डोक्यावरचा पदर ओढला. "काहून?"

"म्हणते, पोरीच्या बापाचं डोस्कं ठिकाणावर नाही. दिवसा विहिरीच्या काठावर जाऊन बसते. आन् म्हणते का, त्याची बायको रोज दाराले आडवी झोपते, तो उठून जाईन म्हणून. मले तर चांगला वाटला होता बुवा माणूस."

अतियाच्या हातातला घास हातातच राहिला. दाराला आडवी झोपते. हे शब्द तिनं स्वतः टाइप केले होते, मांगलखेड, घर क्रमांक एकतीस, शेवटचा रकाना. बापूजींवर कोणाचा एक पैसाही नव्हता. पण शेजारच्या शेतातल्या त्यांच्या जिवलग मित्रानं फवारणीचं औषध घेतलं, आणि तो बांधावर पडलेला पहिल्यांदा दिसला तो बापूजींना. तेव्हापासून त्यांची झोप उडाली आणि बोलणंही. हे सगळं त्यांच्या बायकोनं, शकुबाईनं, पूनमसिंगच्या संस्थेच्या बाईला सांगितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा आणि एकाच माणसाला. फॉर्मच्या तळाशी त्या बाईनं लिहिलं होतं, 'सांगताना फार रडली, कोणाला कळू देऊ नका म्हणाली.' अतियानं तेही टाइप केलं होतं.

"खा नं," जोहराबी म्हणाली.

"भूक नाही," अतिया म्हणाली, आणि ते खरंच होतं.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. तिनं आधी उकंडरावांना दोष दिला, मग फुप्पीला, मग अम्मीला, शेवटी चहालासुद्धा. कोणावरच तो टिकेना. आता ती दोन बटणं इतक्यांदा दाबायची की एलवरचं अक्षर पुसायला आलं. कोणी खोलीत नसतानाही दाबायची. उशिरा लावलेल्या कुलपाचा कोणाला काय उपयोग, हे तिला कळत नव्हतं असं नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पूनमसिंग आला. तोंड उतरलेलं. "येत्या गुरवारी यवतमाळचे डॉक्टर मांगलखेडले येऊन राह्यले," तो म्हणाला. "पंधरा घरं काढली, त्यात सगळ्यात पह्यलं घर बापूजींचं. आन् ती शकुबाई म्हणते, आमच्याइथं काहीच नाही! चिठ्ठी परत केली, दार लोटून घेतलं. हीच बाई तेव्हा तासभर बोलली होती. कोणी काही बोललं का काय, समजून नाही राह्यलं. त्या माणसाले लवकर औषध पाह्यजे, अतिया. मले धाकधूक लागली हाये."

त्यानं डॉक्टरांची ती चिठ्ठी टेबलावर ठेवली. अतियानं चिठ्ठीकडे बघितलं, मग गाद्यांकडे. आणि तिच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. फुप्पी, चहा, उकंडराव, पडद्यावरचं मांगलखेड. तिला वाटलं होतं पूनमसिंग ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तो खुर्चीवर बसला. फाइल उघडून घेतली आणि एकेका गावाचा नावांचा रकाना पुसत गेला. नावांच्या जागी नुसते आकडे टाकले, आणि कोणता आकडा कोणाचा ते एका वहीत लिहून वही आपल्या पिशवीत ठेवली. दीड तास लागला. "हे मी पह्यल्याच दिवशी कराले पाह्यजे होतं," तो शेवटी म्हणाला. "ही माही चूक. पण तुही चूक मले सांगून काय उपेग? ज्याचं हाये त्याले जाऊन सांग."

चिठ्ठी त्यानं उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी निजामुद्दीन म्हणाला, "लगन मोडलं तरी कापूस त्याईचा हाये. गाद्या पोचवून देऊ." अतिया म्हणाली, मी जाते. त्यानं आश्चर्यानं बघितलं, पण जीपवाल्याला सांगून गाद्या टपावर बांधून दिल्या. अतिया पुढच्या सीटवर बसली, चिठ्ठी मुठीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. मांगलखेड येऊच नये असं तिला वाटत होतं, आणि ते मात्र अर्ध्या तासात आलं.

बापूजी ओट्यावर बसले होते. दाढी वाढलेली, नजर समोरच्या भिंतीवर. जीपवाला गादी उतरवायला लागला तसे ते उठले आणि एक बाजू त्यांनी धरली. आत नेऊन ठेवल्यावर त्यांनी गादीवर तळहात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"निजामभाईले सांगजो, टाके चांगले हायेत," ते म्हणाले. मग जरा थांबून, "लगन माह्यापायी मोडलं."

"नाही, काका," अतिया म्हणाली. पण ते तोवर पुन्हा ओट्यावर जाऊन बसले होते.

आत शकुबाई होती, पन्नाशीची, वाळलेली. तिनं अतियाला सतरंजीवर बसवलं. भिंतीपाशी लोखंडी कपाट होतं, दार नुसतं लोटलेलं, किल्ली त्यालाच लटकत होती. अतियाचं लक्ष तिथेच गेलं. मागच्या दारात सुरभी धान्य पाखडत बसली होती आणि तिनं वर मान करून बघितलंसुद्धा नाही.

"काकू, तुम्ही त्या फॉर्मवाल्या बाईले जे सांगतलं," अतिया म्हणाली, "ते तिनं कोणालेच सांगतलं नाही. माह्यापासून गेलं."

शकुबाईला समजेना. "तुह्याकडं कुठून आलं ते?"

"ते फॉर्म मी भरते कम्प्युटरात. उकंडराव पलंगाचं माप घेऊन घरी आलते. मी चहा मांडाले गेली आन् कम्प्युटर उघडा ठेवला. त्यायनं वाचलं."

मागच्या दारातलं सूप थांबलं.

"उघडा ठेवला?" शकुबाई म्हणाली. "त्याले कुलूप नसते?"

"असते."

"मंग काहून नाही लावलं?"

अतियानं खूप दिवस या प्रश्नाचं उत्तर घोकलं होतं. आता ते तोंडात आलं तेव्हा फार लहान वाटलं. "पाह्यना बसला होता, काकू. त्याच्यासमोर कुलूप कसं लावू? वाईट दिसते."

शकुबाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, आणि तिनं ते पुसलं नाही.

"पंधरा दिस झाले," ती म्हणाली. "पंधरा दिस मी माह्या तोंडाले शिव्या देऊन राह्यली. एकदा उघडलं, एकदाच, आन् लेकीचा संसार मोडला. ही पोरगी माह्याशी बोलत नाही. तूच सांगतलं म्हणते. मी देवासमोर म्हटलं, आता मरेपर्यंत कोणाले काही सांगणार नाही. डॉक्टर आला तरी नाही."

"तुमची काही चूक नाही," अतिया म्हणाली. मग दाराकडे वळून मोठ्यानं म्हणाली, कारण हे ऐकायला हवं ते माणूस तिथे बसलं होतं. "सुरभी, तुह्या आईची काही चूक नाही. माही हाये."

सुरभी उठली. दारात उभी राहून तिनं अतियाकडे असं बघितलं की अतियाची मान वर होईना. मग ती येऊन आईच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून, आणि शकुबाईचा हात तिच्या गुडघ्यावर गेला.

अतियानं मुठीतली चिठ्ठी सतरंजीवर ठेवली. घामानं ओली झाली होती. "गुरवारी डॉक्टर येऊन राह्यले. आता नावं काढून टाकली, काकू. काकांचं नावच नाही कम्प्युटरात. अन् मी ते काम सोडलं. तुम्ही मले काही म्हणा, पण डॉक्टरले सांगा. काकांसाठी सांगा."

ओट्यावर बापूजी खोकले. तिघींनी दाराकडे बघितलं. शकुबाईनं चिठ्ठी उचलली, उलटसुलट करून पाहिली. फाडते की काय, असं अतियाला वाटलं.

"चहा मांडते," शकुबाई म्हणाली.

"नको, काकू."

"पाह्यनी हायेस तू."

ती उठली. कपाटाचं दार उघडलं, साड्यांच्या खाली ती चिठ्ठी नीट सरकवली आणि दार लावलं. मग लटकती किल्ली धरली, अतियाच्या डोळ्यांदेखत दोनदा फिरवली, ओढून काढली आणि कमरेला खोचली. घाई केली नाही आणि लपवलंही नाही. मग ती चुलीकडे गेली.

अतिया सतरंजीवर बसून राहिली. चहा आला. तिनं कप खाली ठेवला नाही. अगदी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.